आवसेच्या आधीची सुट्टी

गुडघा बदलून आलेल्या माणसाला लोक पहिलं काय विचारतात? दुखतं का, हे नाही विचारत. किती दिवस ठेवलं, हे विचारतात. जास्त सांगितलं तर दवाखान्यानं लुबाडलं म्हणतात, कमी सांगितलं तर नशीबवान म्हणतात. मला हा प्रश्न ऐकला की अंगावर काटा येतो. आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर एकदा डॉक्टरनं नाही, पंचांगानं दिलं होतं, आणि त्यात माझी थोरली जाऊ गेली.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या जवळ. दोघे भाऊ एकत्र, शेती एकत्र, आणि आम्ही दोघी जावा एकाच चुलीवर. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिनं मला नावानं हाक मारली नाही. 'धाकले' म्हणायची. मी तिला बाई म्हणायची. ती गप्प आणि मी तोंडाळ, त्यामुळे आमचं भांडण म्हणजे एकटी मीच भांडायची आणि ती मिसरी लावत ऐकून घ्यायची. तिचं मिसरीचं बोट तोंडात असलं की समजायचं, आपण भिंतीशी बोलून राहिलो. एकदा पूर्ण हळदीचा हंगाम मी तिच्याशी बोलले नाही. कशावरून, ते आता आठवत नाही. ती मात्र रोज माझ्यासाठी पहिल्या वाफेची भाकर झाकून ठेवायची. असल्या बाईवर रागावून तरी किती रागावणार?

हळदीनंच आमचे गुडघे खाल्ले. शिजवायची, पसरायची, निवडायची, सगळं उकिडवं बसून. जन्मभर बसलो तशा. तिचा गुडघा आधी गेला. हिंगोलीच्या एका दवाखान्यात वाटी बदलायचं ठरलं. तिथं खाली ऑपरेशन करतात आणि वरच्या मजल्यावर एक लांब खोली आहे, तिथं गुडघेवाल्यांना ठेवून व्यायाम करून घेतात. डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं, दिवस मला विचारू नका. पाय काटकोनात वाकला आणि स्वतःच्या पायानं जिना चढली की सुट्टी.

पण पोळा तोंडावर आला होता. पोळा म्हणजे अमावस्या. आमच्याकडे दवाखान्यातलं माणूस अमावस्येला घरी आणत नाहीत. शनिवारी तर नाहीच नाही. शनिवारी सुट्टी घेतलेला माणूस फिरून दवाखान्यातच जातो म्हणतात. त्या वर्षी शनिवार आणि आवस लागून आले. पुढं गणपती, महालक्ष्म्या. सणासुदीत घरची थोरली बाई दवाखान्यात कशी ठेवायची? मग आधीच आणलेली बरी, असं सगळ्यांचं मत पडलं आणि शुक्रवारी माझे मोठे दीर तिला गाडीत घालून घरी घेऊन आले. दवाखान्यात त्यांच्याशिवाय तिच्याजवळ कोणी नव्हतं. तिची लेक ऑपरेशनपुरती येऊन सासरी गेली होती, आणि मी घर धरून बसले होते. जेवढं राहायला पाहिजे होतं, त्याच्या निम्मंही ती राहिली नव्हती.

दारात मीच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिचा पाय सरळ होता, मुसळासारखा. मला वाटलं, होईल हळूहळू. व्यायाम सांगून दिले होते, पण ते करून कोण घेणार? मी टाच धरून वाकवायला गेले की ती ओरडायची, आणि बाहेरून मोठे दीर माझ्या पोराला सांगायचे, राहू द्या म्हणावं, तकलीफ देऊ नका तिला. शेजारणी म्हणायच्या, जखम ओली आहे, आराम पाहिजे. मग आम्ही आराम दिला. तेल लावलं, विटेनं शेकलं, आणि पाय सरळ तो सरळच राहिला. भिंत धरून ती मधल्या घरातून न्हाणीपर्यंत जायची. आधी पाय ओढल्याचा लांब आवाज, मग काठीचा एक ठोका. दुपारी घर निजलेलं असायचं, तेव्हा तेवढाच आवाज घरभर फिरायचा. पुढं तोही बंद झाला. ती खाटेवरच राहिली. पडून पडून पाठ सोलली, थंडीत एका सकाळी छाती भरली, आणि दिवस मावळायच्या आत ती गेली.

मी तिला एकदा विचारलं होतं, बाई, लवकर काहून आलीस? तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, घर आठवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मोठे दीर तेच सांगत होते. तिनंच हट्ट धरला, ऐकेचना, म्हणून आणावं लागलं. माझा तिच्यावर खरंच राग होता. मरून गेली तरी राग गेला नाही. घर काय पळून चाललं होतं का? इतकी वर्षं कशाचा हट्ट केला नाही, आणि केला तर हा केला.

ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या पोराचं लग्न झालं. घरात वर्षाच्या आत कार्य करावं लागतं, नाही तर पुढं तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून घाईनं उरकलं. नवी सून आली. तिनं बाईला कधी पाहिलं नव्हतं. आमच्यात सून सासूला आत्या म्हणते. एका दुपारी ती माझ्याजवळ भाजी निवडत बसली आणि सहज म्हणाली, आत्या, आपल्या मधल्या घरात दुपारी काठी टेकत कोण चालतं? मी तिला म्हणाले, उंदरं आहेत. तिला पटलं नसावं, कारण त्यानंतर ती दुपारी मधल्या घरात एकटी गेली नाही. मी तर कितीतरी महिन्यांपासून ऐकत होते. मला वाटत होतं, माझ्याच कानात भरलंय.

मग माझा गुडघा गेला. उठता येईना, बसता येईना, न्हाणीत जायला दोघं लागायची. दवाखाना तोच, कारण आमच्या माहितीतला तोच होता. जायच्या आधी मीही हिशेब केलाच. श्रावणात ऑपरेशन झालं की महालक्ष्म्यांपर्यंत चालत घरी. माणूस सुधरतं का? नाही सुधरत.

ऑपरेशन नीट झालं. मला वरच्या खोलीत नेलं, तेव्हा माझी खाट दाराजवळ आणि समोर खिडकीपाशी ती दुसरी. ती बाईची खाट, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मोठ्या दिरांनी तेव्हा पोराच्या फोनवर एक फोटो पाठवला होता, त्यात बाई त्याच खिडकीपाशी पाय लांब करून बसलेली होती. आता त्या खाटेवर नरसीकडची एक म्हातारी होती. तिचंही गुडघ्याचंच होतं. दुसऱ्या सकाळी म्हातारीनं सिस्टरला बोलावून सांगितलं, मला इथून हलवा. का म्हणून विचारलं तर म्हणाली, इथं झोप लागत नाही, कोणी तरी पाय ओढत खाटेभोवती फिरून राहिलं. सिस्टर हसली. म्हातारीला भिंतीकडची खाट दिली आणि खिडकीजवळची रिकामी झाली. मी तोंडावर पदर घेतला. म्हातारीला मी काही सांगितलेलं नव्हतं.

त्याच दुपारी मला मिसरीचा वास आला. भाजलेल्या तंबाखूचा, तव्यावरचा. दवाखान्यात फिनाईलशिवाय दुसरा वास नसतो. मी पदर काढून पाहिलं, तर बाई खिडकीजवळच्या खाटेवर बसलेली. एक पाय खाली आणि एक समोर सरळ ताठ. डोक्यावर पदर. माझ्या तोंडाकडे ती बघतच नव्हती. माझ्या गुडघ्याकडे बघत होती.

औषधाची गुंगी असेल, असं डॉक्टर म्हणाले असते, म्हणून मी त्यांना विचारलंच नाही. गुंगी उतरली तरी ती उतरली नाही. सकाळी नसायची. दुपारी जेवणाची ताटं गेली, खोली शांत झाली, की यायची. आली म्हणजे उठून आली असं नव्हे. बघितलं की बसलेली असायची.

व्यायाम करून घेणारी पोरगी वाशीमकडची. बोलायला गोड आणि हाताला दगड. खाटेच्या कडेला बसवायची, पाय खाली सोडायला लावायची, आणि मग चांगला पाय दुखऱ्या पायावर ठेवून मागं दाबायचा. चादर टाचेखालून घेऊन दोन्ही हातांनी ओढायची. घोडा धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. त्या चौकोनी दांड्यांना तिथं सगळे घोडाच म्हणतात. लेकरू होताना इतकी ओरडले नव्हते, तितकी मी तिथं ओरडले. आणि तरी गुडघा वाकत नव्हता. थोडा वाकायचा आणि अडायचा. पोरगी म्हणायची, मावशी, सोडा ना, तुम्हीच धरून ठेवून राहिल्या. मी कुठं धरत होते? मला स्पष्ट कळत होतं. एक हात माझी टाच मागं दाबत होता तो त्या पोरीचा. आणि दुसरा एक थंड हात नडगीवर होता, तो पाय सरळ करून राहिला होता.

मी भ्याले. खोटं काहून बोलू? जिवंतपणी जिनं मला कधी चिमटा घेतला नाही, तिला मी भ्याले. मला वाटलं, ही मला घ्यायला आली. हिचा पाय जसा राहिला तसा माझा करणार, त्याच मधल्या घरात, त्याच खाटेवर मला निजवणार, मग सोबत घेऊन जाणार. एका दुपारी मला सहन झालं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "बाई, आता काहून आलीस? जिवंत होतीस तेव्हा तरी काय बोललीस?" म्हातारी जागी झाली. माझ्याकडे बघितलं, रिकाम्या खाटेकडे बघितलं, आणि भिंतीकडे तोंड करून नामदेव महाराजांचं नाव घ्यायला लागली. बाई माझा गुडघाच बघत राहिली.

दिवस जात होते. बरोबरचे लोक जिना चढून दाखवत होते, पेढे वाटून घरी जात होते. माझा पाय काटकोनाच्या अलीकडेच अडलेला. डॉक्टर रोज बघायचे, मान हलवायचे. मी विचारलं, अजून किती? ते म्हणाले, तुमच्या गुडघ्याला विचारा. पण एक लक्षात ठेवा, आत्ता घरी गेलात तर हा इथंच थिजेल, मग तो पुन्हा कोणाच्या बापाला वाकायचा नाही. असं तोंडावर बोलणारा डॉक्टर मला आवडतो. पण त्या दिवशी मी आडवी होऊन छताकडे बघत राहिले.

आणि घरून फोन सुरू झाले. पोळा झाला होता, गणपती बसले होते, आता महालक्ष्म्या. आमच्या घरच्या महालक्ष्म्या पितळी मुखवट्याच्या, थोरली आणि धाकटी. आवाहनाच्या दिवशी तुळशीपासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढतात. थोरली जाऊ थोरलीला घेते आणि धाकटी जाऊ धाकटीला, आणि दोघी पावलांवर पाय देत घरात येतात. उंबऱ्यात एक जण ताट वाजवून विचारते, कोण आलं? आणायची तिनं सांगायचं, महालक्ष्मी आली. कशाच्या पावलानं आली? सोन्याच्या पावलानं आली. आमच्या लग्नानंतर दरवर्षी, ऑपरेशनच्या वर्षी ती पाय ओढत होती तेव्हासुद्धा, मी बाईच्या मागं मागं चालत आले होते. तिची टाच मला तोंडपाठ होती. मागच्या वर्षी घरात दुःख होतं म्हणून महालक्ष्म्या बसल्या नाहीत. यंदा बसवायच्याच होत्या. धाकटीला सून घेईल, पण थोरलीला घरची मोठी सवाष्ण लागते, आणि बाहेरच्या बाईनं आणलेली आमच्यात चालत नाही. राहिले कोण? मी.

माझ्या मालकांचं म्हणणं एवढंच होतं, की दोन दिवस ये, थोरलीला आत आण, खुर्चीवर बसून राहा, सण झाला की परत नेऊन सोडतो. सून रडवेली होऊन विचारायची, सोळा भाज्या कोणत्या कोणत्या, आंबील किती पातळ. पोरगा म्हणायचा, आई, दोन दिवसांनी काय होतं? कोणी वाईट बोलत नव्हतं. हाच तर त्रास. आणि खरं सांगते, मलाही जायचं होतं. मुखवट्यांना चिंचेनं घासायचं, त्यांना नथ घालायची, डोळ्यांत काजळ भरायचं, ते सगळं माझ्या हाताला आठवत होतं. एक वर्ष खंड पडला, आता दुसरं वर्ष पडलं आणि घरावर काही आलं, तर बोट माझ्याकडेच येणार. मी डॉक्टरना विचारलं, जाऊन परत येऊ का? ते म्हणाले, जाणारे सगळे परत येतो म्हणून जातात.

बाईसुद्धा अशीच गेली असेल, मला वाटलं. घर आठवलं म्हणून. तिच्या हट्टाचा मला राग होता, आणि आता माझ्याच पोटात तोच हट्ट उठून राहिला होता. समोर बघितलं. ती होतीच. मी तिला म्हणाले, मनातच म्हणाले, सांग ना, जाऊ का राहू? तोंडातलं बोट काढ आणि एकदा तरी सांग.

आवाहनाच्या आदल्या दिवशी गाडी आली. वार चांगला होता, तिथी चांगली होती, कोणाला काही बोलायला जागा नव्हती. मी मालकांना फोनवर हो म्हणून बसले होते. लुगडं बदललं होतं, पिशवी भरली होती. व्यायामवाली पोरगी रागानं माझ्याकडे बघेना. गाडीतून माझे मालक आले आणि त्यांच्यासोबत मोठे दीर. ते का आले, मला कळेना. बाई गेल्यापासून ते दवाखान्याच्या गल्लीतसुद्धा आले नव्हते.

मालक खाली सही करायला, गाडी दारापर्यंत लावायला गेले. म्हातारीला जिन्याच्या सरावाला नेलं होतं. खोलीत मी आणि मोठे दीर. इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्यात मोठा दीर धाकट्या भावजयीशी बोलत नाही. मी त्यांच्यासमोर कधी उघड्या डोक्यानं गेले नाही, आणि त्यांनी मला कधी थेट एक शब्द सांगितला नाही. काही पाहिजे असलं तर बाईला सांगायचे, बाई नसली तर पोराला, कोणीच नसलं तर भिंतीकडे बघून, पाणी पाहिजे होतं, असं म्हणायचे. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांचा आवाज माझ्या दिशेनं कधी आला नव्हता. मी पदर पुढं ओढला आणि खाली बघत बसले. ते बराच वेळ उभे राहिले. मग खिडकीजवळच्या त्या खाटेवर जाऊन बसले, अगदी तिच्या शेजारी. ती त्यांना दिसत नव्हती. मला दिसत होती.

आणि ते माझ्याशी बोलले.

"तिनं हट्ट न्हाई केला," ते म्हणाले. "घरी येते म्हणली न्हाई ती. ऱ्हाऊ द्या म्हणली व्हती. हितंच, ह्या खाटंवर बसून. अजून चार दिस ऱ्हाऊ द्या, पाय आता कुठं वाकून राहिला म्हणली. मीच म्हणलो, आवस पडून राहिली, चल."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. ते खाटेची लोखंडी पट्टी हातानं पुसत होते, उगाच.

"मी सगळ्यायला तिचंच नाव सांगितलं. तिनं एका शब्दानं मला खोटं पाडलं न्हाई." मग ते उठले. "तुमी येऊ नका," म्हणाले.

मी मान वर केली. बाई तशीच बसली होती, मिसरीचं बोट तोंडात, पाय लांब. आणि मला एकदम उमगलं की ही मला घ्यायला आलेलीच नाही. ही इथून गेलीच नव्हती. ऱ्हाऊ द्या म्हणाली होती, आणि राहिली होती. माझी नडगी धरून मलाही राहा म्हणत होती. घरी आणलं ते नुसतं शरीर, ते आमच्या मधल्या घरात कुजलं, आणि तिथं नुसता पायाचा आवाज उरला. मला इतका राग आला की सांगता येत नाही. दिरांचा आला, मालकांचा आला, पंचांगाचा आला, आणि सगळ्यात जास्त तिचा आला. घर आठवलं म्हणे! नवऱ्याची लाज राखायला मला खोटं बोलली. मी दोन वर्षं तिच्यावर फुकट रागावून राहिले, ते कोणी भरून द्यायचं?

मालक वर आले, पिशवी उचलली. मी म्हणाले, मी येत नाही. त्यांना वाटलं, पायाला जास्त झालं. नाही, मी म्हणाले, गुडघा वाकेपर्यंत मी हलणार नाही, मग आवस येऊ द्या नाही तर ग्रहण. ते चिडले. हो म्हणून आता नाही काहून, गावात तोंड कसं दाखवू, थोरलीला कोण आणणार, सगळं एका दमात बोलले. मग नेहमीप्रमाणे भावाकडे बघितलं, कारण घरातला शेवटचा शब्द मोठ्या दिरांचा.

मोठे दीर म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला. थोरलीला मी आणतो."

मालक हसले, त्यांना चेष्टा वाटली. बाईमाणसाचं काम, त्यात हे विधुर. पण मोठे दीर जिना उतरायलाही लागले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आधी सुनेचा फोन आला. तिचा आवाज घाबरल्यासारखा होता. तिनं सगळं सांगितलं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, तोंडाला पदर लावून हसत होत्या. मोठ्या दिरांनी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं. तुळशीपुढं थोरलीचा मुखवटा दोन्ही हातांनी उचलला आणि कुंकवाच्या पावलांवर पाय देत चालायला लागले, एवढं हळू, एवढं हळू, की मागं धाकटीला घेऊन चालणाऱ्या सुनेचे हात भरून आले. कोणी तरी सोबत असावं आणि तिला चालता येत नसावं, असं चालत होते, ती म्हणाली. मग बायकांचं हसणं थांबलं.

उंबऱ्याशी आल्यावर शेजारच्या काकूंनी ताट वाजवलं आणि विचारलं, कोण आलं? ते काहीच बोलेनात. काकूंनी परत विचारलं. त्यांना वाटलं, गड्याला काय माहीत काय म्हणायचं, म्हणून त्यांनी हळूच सांगितलंही, महालक्ष्मी आली म्हणा. तरी गप्प. तिसऱ्यांदा ताट वाजलं तेव्हा त्यांनी नाव घेतलं.

कोणाचं नाव, मी विचारलं.

सुनेनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, मोठ्या आत्यांचं.

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव तोंडानं घेत नाही. लग्नात चार लोकांनी अडवून घ्यायला लावलं असेल, तेवढंच. त्यानंतर जन्मभर 'अगं', नाही तर 'ऐकलं का'. मेल्यावरसुद्धा त्यांनी ते घेतलं नव्हतं. उंबऱ्यात उभं राहून, सगळ्या गल्लीसमोर त्यांनी ते मोठ्यानं घेतलं आणि आत आले. पुढचं कोणी विचारलं नाही, कशाच्या पावलानं आली ते. ताट वाजवणाऱ्या काकूच रडत होत्या.

सून विचारत होती, आत्या, ऐकून बरं वाटलं ना तुम्हाला? मी म्हणाले, नाही. मला बरं वाटलं नाही. आता वाजतगाजत आत आणतात म्हणे. तेव्हा चार दिवस राहू दिलं असतं, तर तीच थोरलीला घेऊन आली असती, आपल्या पायानं, आणि मी तिच्या मागं चालले असते. सुनेच्या मागं आरती सुरू झाली होती. मी फोन बंद केला.

तेवढ्यात व्यायामवाली पोरगी आली. मी राहिले म्हणून ती खूश होती. चला मावशी, म्हणाली, आणि खाली बसून तिनं माझी टाच धरली. तिनं अजून दाबलंसुद्धा नव्हतं, आणि मी रडायला लागले.